दुसरी निगेटिव्ह

२ मे १९२१, सोमवार

माझं आयुष्य बदललं तो क्षण मला मिनिटासकट सांगता येतो. ९ फेब्रुवारी, संध्याकाळचे सव्वासहा, ग्योटिंगेनचं चित्रपटगृह, तिसरी रांग, खांबाला लागून असलेली खुर्ची. पडद्यावर ‘सूर्यद्वार’चा पहिला भाग चालला होता. वाळवंटात पुरलेलं शहर, त्याच्या शोधात निघालेला बेडर संशोधक, त्याच्या पाळतीवर एक गुप्त टोळी, असा सगळा मालमसाला. आणि मंदिरातल्या गर्दीत एका पुजारणीने मान वळवून मागे पाहिलं. दोन सेकंद, जास्त नाही. पुढे तो संशोधक दरीत पडला की वाचला, मला आजही ठाऊक नाही.

शेजारी बसलेला वर्गमित्र म्हणाला, ही बाई उपाशी शेळीसारखी दिसते. त्याचा चष्मा फुटला. चष्म्यावरून चौकशी बसली, चौकशीत माझं तोंड सुटलं आणि कायद्याचा अभ्यास तिसऱ्या सहामाहीत संपला. बाबांचं सेले गावात औषधांचं दुकान आहे. त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं. त्यात माझं नावही नव्हतं.

असो. आज पोचलो. बर्लिनच्या पूर्वेला चुनखडीच्या खाणीचं हे गाव, बाजूला तळं, भोवती पाइनची झाडं. आणि झाडांच्या शेंड्यांवर, ढळढळीत उन्हात, एक सोनेरी कळस. स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या तो दिसला आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. दुसऱ्या भागाचं काम इथे खाणीत चाललंय. ती इथेच कुठेतरी असणार.

खोली लेमकेबाईंकडे, दुसऱ्या मजल्यावर मिळाली. पलंग, टेबल, खिडकीशी एक खुर्ची. बसलं की तिचा मागचा पाय करकरतो. बाई बजावून गेल्या, की खोलीत शेगडी पेटवायची नाही, गरम पाणी खाली मिळेल. आणि दार हळू लावायचं, त्यांचं डोकं दुखतं. मी हो हो म्हटलं. आज कोणी मला डोक्यावर उभं राहायला सांगितलं असतं तरी राहिलो असतो.

४ मे, बुधवार

फिती जोडण्याच्या खोलीत मला घेतलं. तिथल्या मुख्य पोलबाईंनी मला काय काय येतं विचारलं. लॅटिन येतं म्हटल्यावर म्हणाल्या, वा, मग आकडे तरी वाचता येत असतील, बस इथे.

सात बायका आणि मी. कातर, ब्रश, गोंदाची बाटली. खोलीभर अति पिकलेल्या नासपतीसारखा वास. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आग आणू नका. ही फीत कागदाच्या दसपट वेगाने पेटते. विडीसाठी पोलबाई स्वतः अंगणापलीकडे पंपापर्यंत जातात आणि येताना पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसतात.

माझं काम सोपं आहे. इथे प्रत्येक दृश्य दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून घेतात, कारण एका निगेटिव्हवरून सगळ्या जगाला पुरतील एवढ्या प्रती निघत नाहीत. पहिल्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह देशात राहते, दुसऱ्याची बोटीने परदेशी जाते. मी खालून उजेड सोडलेल्या काचेवर दोन्ही फिती शेजारी ठेवायच्या आणि त्या जुळतात का ते भिंगातून बघायचं. दोन्हींत तीच माणसं, तेच हातवारे. फरक फक्त कॅमेरे हातभर दूर असण्याचा.

इथल्या मुलींची एक गंमत कळली. नापास झालेल्या फितीतून आवडत्या नटाच्या चार-दोन चौकटी कापून त्या पाकिटात ठेवतात. एकीने प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली आहे. पोलबाईंना दिसलं तर कान उपटतात. मी विचारलं, टाकाऊ तर आहे, जातं काय तुमचं? त्या म्हणाल्या, विद्यार्थीबुवा, तू लॅटिन सांभाळ.

९ मे, सोमवार

आज डबे पोचवायला खाणीत गेलो.

आधी डॉक्टर आउलिखबद्दल लिहितो, मग तिच्याबद्दल. तिच्याबद्दल आधी लिहिलं तर ह्यांच्याबद्दल राहूनच जाईल.

दिग्दर्शक म्हणजे कर्णा घेऊन ओरडणारा माणूस असं मला वाटायचं. हे ओरडत नाहीत. युद्धात ते तोफखान्यासाठी अंतरं मोजायचे. अजूनही घडीची लाकडी पट्टी खिशात असते आणि ते नटांशी बोलतानाही नजरेने त्यांची उंची घेतात. खाणीच्या तळाशी प्लास्टरचं सूर्यद्वार उभं आहे, तीन मजली. त्यासमोर चारशे माणसं: सुटलेले सैनिक, खाणीतले बेकार, त्यांच्या बायका. दुपारच्या बटाट्याच्या सूपावर आलेली. प्रत्येकाच्या पायाखाली चुन्याची फुली आणि फुलीपाशी क्रमांक. पियानो शिकवणाऱ्यांकडे असतं तसलं टकटक करणारं लंबकाचं यंत्र एका पेटीवर ठेवलेलं. त्या ठेक्यावर चारशे माणसं वळतात, वाकतात, थांबतात. वरून पाहिलं तर ती माणसं नाहीत, गालिच्यावरची नक्षी आहे.

अभिनयाचा त्यांना तिटकारा आहे. माणूस ताजा असला की स्वतःचं काहीतरी मध्ये घुसडतो म्हणे, थकला की ते गळून पडतं आणि रेषा सरळ येते. म्हणून एकच दृश्य वीसदा, तीसदा. प्रत्येक वेळी ते पट्टी बंद करतात आणि हळूच म्हणतात, “आणखी एकदा.”

ती एकसष्ट क्रमांकावर होती.

मी ओळखलं नसतं. मान तीच होती, म्हणून कळलं. वय बावीस असेल, पण चेहरा पन्नासदा धुतलेल्या कापडासारखा. सूपाच्या सुट्टीत मी समोर जाऊन उभा राहिलो. तीन महिने घोकलेलं भाषण विसरलो आणि एवढंच बोललो, की ग्योटिंगेनमध्ये तुम्ही मान वळवली होती. ती म्हणाली, असेल. मग म्हणाली, बाजूला सरका, सूप गार होतंय.

तिचं नाव गेझीने आहे.

१४ मे, शनिवार

गेझीने एम्डेनची, समुद्राकाठची. इथे भाऊ हिन्रिखबरोबर एका खोलीत राहते. पहिल्या भागात तिच्या शेजारचा बासष्ट क्रमांक हिन्रिखचा होता आणि त्याचं कामही मोठं होतं. आता तो आजारी आहे. काय आजार, विचारलं तर ती म्हणाली, दमलाय.

आज बासष्टची फुली रिकामी होती. डॉक्टरांनी सगळीकडे नजर फिरवली, ती माझ्यावर थांबली. पट्टी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, उंची बरोबर आहे, ह्याला कपडे घाला.

दृश्य असं: बासष्टने वळायचं, द्वारातून बाहेर पडायचं आणि मागे दार ओढून लावायचं. एकसष्टने दार लागता लागता मान वळवून त्याच्याकडे पाहायचं. बस. म्हणजे जी नजर बघून मी घरदार सोडलं, ती आज माझ्यासाठी होती. पंधरा वेळा.

सोळाव्या वेळी गेझीने ओठ न हलवता पुटपुटली, की अहो विद्यार्थी, दार जरा दमाने लावा, प्लास्टर माझ्या डोळ्यांत जातंय. मला हसू आलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा.

१७ मे, मंगळवार

द्वाराचं दृश्य आजही. एकूण चव्वेचाळीस वेळा झालं. अंग आंबून गेलंय. रात्री झोपलो की स्वप्नात काही नाही, नुसता चुना. पण उद्या पुन्हा बोलावलं तरी मी जाईन.

२० मे, शुक्रवार

द्वाराच्या फिती माझ्याच काचेवर आल्या.

पहिल्या निगेटिव्हमध्ये सगळं जसं घडलं तसं. विसाव्या वेळेपासून गेझीनेची मान दुखरी वळते, तिसाव्यापासून डोळे अर्धवट. दुसरीमध्ये उलटं आहे. म्हणजे रंग दोन्हींत उलटेच असतात, काळ्याचं पांढरं, पण ते डोळ्यांना सवयीचं होतं. मी म्हणतोय ते वेगळं. दुसऱ्या निगेटिव्हमध्ये ती दर वेळी जास्त ताजी होत जाते. एकतिसाव्या वेळी ती अगदी तीच आहे, ग्योटिंगेनमधली. मी दोन्ही फिती पाचदा जुळवल्या. हातवारे जुळतात, माणूस जुळत नाही.

मी पोलबाईंना दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, की तुला भूक लागलीय, जा जेव.

एकतिसावी वेळ नापास होती. मी तिच्या दुसऱ्या निगेटिव्हमधून दोन सेकंदांचा तुकडा कापून घेतला. चौतीस चौकटी. एका कडेला दार ओढणारा मी, मध्ये वळणारी ती. ह्याच वहीत खूण म्हणून ठेवलाय. मुली चार-दोन कापतात, मी चौतीस कापल्या, एवढाच माझा गुन्हा.

२७ मे, शुक्रवार

काल सकाळी अकराला, भर उन्हात, गेझीने फुलीवरच कोसळली. तिला मी आणि आणखी एकाने उचलून सावलीत नेलं. तिच्यात वजनच नव्हतं. डॉक्टरांनी तिची फुली तशीच रिकामी ठेवली आणि काम पुढे चालू. मी तिच्या डोक्याशी बसून होतो, म्हणजे ती तिथे नव्हती हे मला कोणी सांगायला नको.

आज फीत पाहिली. पहिल्या निगेटिव्हमध्ये साठच्या शेजारी मोकळी फुली. दुसऱ्यामध्ये त्या फुलीवर गेझीने उभी आहे. सरळ, ताठ, टवटवीत.

दुसरा कॅमेरा चालवणाऱ्या चिर्नरला गाठलं. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो. त्यातले आज मला सगळे दिले: माझ्या कॅमेऱ्याची काच डॉक्टरांची स्वतःची आहे, आघाडीवरून आणलेली, तोफा लावायच्या आधी चार वर्षं तिच्यातून माणसं मोजली, मी तिच्यातून बघत नाही, नुसता दांडा फिरवतो.

३१ मे, मंगळवार

तळ्याकाठी गेझीनेबरोबर चालायला गेलो. एवढंसं अंतर, तिला तीनदा बसावं लागलं. चिडून मी म्हटलं, की मी डॉक्टरच्या नरड्याला हात घालतो. ती म्हणाली, घाल की, तुला आणखी चाळीस वेळा घालायला लावेल. मग म्हणाली, लोरेंत्स, खरं सांगू? चिडायला लागतं तेवढंही माझ्यात उरलेलं नाही. भूक लागत नाही. आरशात मी जरा उशिरा येते.

मला वाटलं ती गंमत करतेय. तिने पर्समधला छोटा आरसा काढून तोंडासमोर धरला. काचेत पाइनची झाडं होती. मग ती आली.

मी तिला हिन्रिखला भेटव म्हटलं. तो पलंगाच्या कडेला बसलेला असतो. भरवलं तर गिळतो. गेझीने म्हणाली, त्याचे डबे डिसेंबरात बोटीवर चढले, त्या दिवसापासून असा. सुरू, असं म्हटलं की उभा राहतो. बाकी काही नाही.

२ जून, गुरुवार

आज दाढी करताना मीही जरा उशिरा आलो.

३ जून, शुक्रवार

पोलबाईंनी मला पंपाशी बोलावलं, विडी न पेटवता हातात धरून बोलल्या. दुसऱ्या भागाची दुसरी निगेटिव्ह सोमवारी सकाळच्या गाडीने हाम्बुर्गला जाणार, तिथून बोटीवर. सगळी, चाळीस डबे. गेझीने, मी, ते चारशे, सगळे त्यात.

त्यांना पहिल्या भागापासून माहीत होतं. मी तोंडाला येईल ते बोललो. त्या ऐकत राहिल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, ओरडलास, बरं वाटलं? आता ऐक. त्यांची पुतणी पहिल्या भागात होती, चार दृश्यांत. सुकत चालली होती पोर. पोलबाईंनी तिचे डबे अपघात म्हणून जाळले; गेझीनेची पहिल्या भागातली दृश्यंही त्यांतच गेली. आठ दिवसांत पोरगी भांडायला लागली, खायला लागली. पण एक चौकट डब्याच्या झाकणाला चिकटून राहिली होती, ती सहा महिन्यांनी सापडली आणि तोवर तिच्यावर बुरशी चढली होती, जाळूनही उपयोग झाला नाही. पुतणीचं लग्न झालंय, मूल आहे, सगळं ठीक. फक्त रोज चारच्या सुमारास ती हातातलं काम टाकून उठते आणि कमरेवर हात ठेवून क्षणभर तशीच उभी राहते. का, ते तिलाही सांगता येत नाही.

एक चौकट, असं पोलबाई म्हणाल्या. बोट माझ्या छातीला लावून म्हणाल्या, रविवारी अकराला सगळे चर्चमध्ये असतात. किल्ली माझ्याकडे आहे. एकही चौकट मागे राहता कामा नये. कोणाकडे काही असेल तर आत्ताच सांग.

मी नाही म्हटलं.

का म्हटलं? लिहायला घेतलंय तर खरं लिहितो. ती चौकट बुरशी लागलेली होती, माझा तुकडा स्वच्छ आहे. आणि सगळं जाळल्यावर गेझीने बरी होईल, हसेल, एम्डेनला जाईल. मग माझ्याकडे काय?

५ जून, रविवार

चाळीस डबे, हातगाडीच्या सहा खेपा. पोलबाई पुढून ओढत, मी मागून रेटत. घंटा वाजत होत्या. खाणीच्या जुन्या खड्ड्यात फिती सोडवून ढीग केला. पोलबाईंनी अखेर ती विडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि खाली फेकली.

धूर नाही, आवाज नाही. आगीची पांढरी भिंत उभी राहिली, सूर्यद्वारापेक्षा उंच, आणि खाली बसली. भुवयांचे केस जळले माझ्या. सगळं आटपायला जेवढा वेळ लागला त्यात मी एकदा वहीवर हात ठेवला. ती कोटाच्या आतल्या खिशात होती. टाकायची तर तेव्हा टाकता आली असती. मी खिशाचं बटण लावलं.

७ जून, मंगळवार

खाणीत चारशे माणसं आली आणि कोणी फुलीवर उभं राहीना. आधी सूपावरून भांडण निघालं, मग गाणी सुरू झाली, मग एक म्हातारा सैनिक यंत्राच्या लंबकाला टोपी अडकवून म्हणाला, घ्या, हा पण दमला. दुपारपर्यंत निम्मे लोक घरी गेले होते. मी इतकं मोठं हसणं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

गेझीनेने तीन वाडगे सूप प्यायलं. गालांवर रंग. मला म्हणाली, काय बघतोस शेळीसारखा? मी तिला चष्म्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती पोट धरून हसली. शनिवारी ती हिन्रिखला घेऊन एम्डेनला निघणार आहे; त्याच्यासाठी आता काही होणार नाही, पण निदान समुद्र दिसेल म्हणते. मग नखाने बाकावर रेघोट्या ओढत विचारलं, की तिकडे कायदा अर्धवट सोडलेल्यांना कोणी काम देत असेल का रे. मी येतो म्हटलं. मी येतो.

डॉक्टर शांत होते. आगीची चौकशीसुद्धा केली नाही. माझ्या शेजारून जाताना थांबले, माझ्या छातीकडे पाहिलं, नजरेने अंतर घ्यावं तसं, आणि म्हणाले, की सगळं जळलं म्हणतात. माणूस सगळं कधी जाळत नाही.

८ जून, बुधवार

पोलबाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. रात्रभर ठरवत होतो, सकाळी जाळतो. सकाळी तुकडा उजेडाकडे धरला. एकदाच बघायचं होतं. अकरा वाजेपर्यंत बघत होतो.

तो चेहरा तिच्यावर नाही. म्हणजे आताची गेझीने सुरेख आहे, खरी आहे, नाकावर ठिपके आहेत, जोरात हसते. पण ती मान— तशी ती आता वळत नाही. मी तिला काल दोनदा मागून हाक मारून पाहिलं.

शनिवारी गाडीत बसायच्या आधी जाळेन.

९ जून, गुरुवार

गेझीने दुपारी चेरीचा केक घेऊन आली. लेमकेबाईंनी तोंड वाकडं केलं, केकचा तुकडा मिळाल्यावर सरळ केलं. गेझीने खिडकीशी खुर्चीवर बसली. एम्डेनच्या गोष्टी, मासे, धुकं, आजोबांची होडी. मी कॉफीसाठी गरम पाणी आणायला उठलो. वळलो, बाहेर पडलो, दार लावलं.

परत आलो तेव्हा ती दाराकडे मान वळवून बघत होती.

मी म्हटलं, काय झालं. ती पुन्हा सरळ झाली. पुन्हा मान वळवली. तीच. ग्योटिंगेनची. अगदी तीच— खुर्ची करकरली. सरळ. पुन्हा वळली. करकर.

१० जून

रात्रभर. हाक मारली, हलवलं, थंड पाणी मारलं. खांदे धरून ठेवले तर मान हातांत वळते. दोन सेकंद. मोजले. डोळ्यांत ती आहे. तिला कळतंय. दर वेळी मान वळवताना तिला कळतंय, हे मला दिसतं.

वही काढली. तुकडा काढला. काडी—

मी जिन्यावर होतो. दार लावलेलं. वही काखेत, काडीपेटी हातात. कधी उठलो?

११ जून, शनिवार

पोलबाई आल्या. दारातून पाहिलं. गेझीनेच्या पायांशी बसल्या, तिचे मोजे वर ओढले, उठल्या. हात पुढे केला, दे म्हणाल्या. मी वही द्यायला हात पुढे केला आणि

जिन्यावर होतो. दार लावलेलं. वही काखेत. पोलबाई आतून दार उघडून आल्या, पुन्हा हात पुढे केला. पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी माझ्या काखेतून ओढायला पाहिलं, माझा हात सुटेना. माझा हात— मी सोडत होतो. तो सोडत नव्हता.

त्या रडत गेल्या. हिन्रिखला त्या घरी घेऊन गेल्यात.

एम्डेनची गाडी गेली.

१४ जून

लिहिता येतं ते दोन वेळांच्या मध्ये. आधी तासभर मिळायचा. आता पाव. बाहेर येतो, दार लावतो, थोडा वेळ माझा असतो. मग आत असतो. आत येतो कसा ते कळत नाही. तिच्यामागे उभा असतो, मग वळतो.

फार दमलोय. झोप नको, बसायला हवंय. जिन्यावर बसतो तेच तेवढं.

लेमकेबाई खालून ओरडल्या, दार हळू लावा.

१६

जाळायचं ठरवतो. रोज नाही, दर वेळी ठरवतो. ठरवणं माझं आहे. हात तिथले, त्या तुकड्यातले. त्या आठ तारखेला माझे होते.

आतून करकर. करकर. थांबत नाही.

गेझीने, मी

१८

आज वळताना तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. बासष्टने बघायचं नसतं. पाठ फिरवायची असते. चव्वेचाळीस वेळा शिकलो. तिची नजर पाठीवर लागते. तीच नजर, माझ्यासाठीच— मला हवी होती ना—

अंगणातून कोणीतरी म्हणालं, आणखी एकदा. खाली पाहिलं तर अंगण रिकामं होतं, ऊन होतं.

१९ जून, रविवार

घंटा वाजतायत. बाहेर आलो. दार लावलं. जिन्यावर बसलोय. तुकडा बोटांत आहे, काडी दुसऱ्या हातात आहे, ह्या वेळी आधी लिहीत बसणार नाही, आधी काडी

बाहेर आलो. दार लावलं. जिन्यावर बसलोय. काडी पेटलेली नाही. हे वरती लिहिलंय आणि शाई वाळलेली आहे, म्हणजे मध्ये वेळ गेला. किती? घंटा थांबल्यात. गेझीने, अजून एकदा बघतो, काडी

बाहेर आलो. दार लावलं. जिन्यावर

बाहेर आलो. दार लावलं.

बाहेर आलो. दार ला